लाइनीवर लिंबाजी

आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'माळा' नावाची एक जागा आहे. तुम्ही काहीही काढून टाकलंत तरी ते नाहीसं होत नाही, माळ्यावर जातं. लगेच आवाज येतो, "माळ्यावर ठेवलंय. परत पाहिजे असेल तर शून्य दाबा." डोळ्यांनी अधू माणसं आणि अक्षरओळख नसलेली माणसं आमची गिऱ्हाइकं. त्यांना हा माळा फार आवडतो. परवा नव्यानंच लागलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "सर, हे माळ्याचं कुणाला सुचलं?" मी चष्मा काढला, सावकाश पुसला, आणि 'मला' असं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात कानाशी कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणाल्यासारखं झालं, "कावून खोटं बोलायलास बे, इंजनेर?" मी तोंड मिटलं. "ती एक मोठी गोष्ट आहे," असं म्हणून चहाला निघून गेलो.

ती गोष्ट म्हणजे लिंबाजीकाका.

पुण्यातल्या कंपनीनं मला मोकळं केलं तेव्हा मी पाटोद्याला घरी आलो. वडील गावात सांगायचे, 'पोरगं रजेवर आलंय.' रजा फारच लांबली तेव्हा त्यांनीच ओळख काढून मला आमच्या दूध संघात चिकटवलं. साल दुष्काळाचं होतं. संघात तेव्हा दूध कमी आणि संचालक जास्त होते. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून संघानं शिरूर कासारच्या पुढं माळरानावर जनावरांची छावणी उघडली होती. धडधाकट माणसं ऊस तोडायला निघून गेलेली. छावणीत राहिले ते गाई-बैल आणि त्यांच्या उशाशी बसलेल्या म्हाताऱ्या. टँकर कुठल्या गावाला कधी जाणार, चाऱ्याची गाडी कधी येणार, हे लोकांना फोनवर ऐकता यावं अशी एक व्यवस्था मला करायची होती. मी पहिल्याच दिवशी चेअरमनसाहेबांना पंधरा पानांचा आराखडा दिला. त्यांनी तो चहाच्या कपाखाली ठेवला आणि म्हणाले, "हे लिंबाजीला दाखवा. फोनचं सगळं तोच बघतो."

'बघतो' हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. लिंबाजीकाका लहानपणीच देवी येऊन आंधळे झालेले. अंधशाळेत शिकून टेलिफोन ऑपरेटर झाले आणि संघाच्या कोपऱ्यातल्या खोलीत फोनच्या पेटीसमोर जे बसले ते बसलेच. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता आणि ती पेटी वाजायची फारशी कुणाला गरज उरली नव्हती. हे काका सोडून सगळ्यांना माहीत होतं. ते रोज कडक इस्त्रीचा सफारी घालून यायचे, खिशातल्या कंगव्यानं भांग नीट करायचे, आणि एखादा चुकून फोन आलाच तर छाती भरून म्हणायचे, "बोला, लाइनीवर लिंबाजी!"

त्यांच्याकडे दोन गॉगल होते. एक काळा, एक तपकिरी. लग्नकार्याला तपकिरी. त्यांना फरक कसा कळायचा म्हणाल तर कळायचा नाही. प्रत्येकाला विचारायचे, "ह्यो तपकिरी हाय ना?" आणि संघातले शिपाई हटकून 'हो' म्हणायचे.

आंधळ्या माणसाला पायांच्या चाहुलीवरून माणूस ओळखता येतो अशी आपली एक समजूत असते. काकांचीही स्वतःबद्दल ती होती. मी दारात गेलो की ते मान तिरपी करून म्हणायचे, "या पाटील." ते सगळ्यांनाच पाटील म्हणायचे. आमच्या जिल्ह्यात हा अंदाज निम्म्या वेळा बरोबरच यायचा, त्यामुळे काकांची कीर्ती पार नेकनूरपर्यंत पोचली होती. नेकनूरजवळचंच त्यांचं गाव. तिथल्या विहारात कुठलाही कार्यक्रम असो, माइक काकांच्या ताब्यात. पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणापेक्षा मोठा व्हायचा.

ऑपरेटर म्हणून मात्र त्यांचा एक दुर्गुण होता. ते बोलणाऱ्यांच्या लाइनी कापायचे. मुद्दाम नाही, हात पडायचा. चेअरमन मुंबईला मंत्र्याच्या सचिवाशी बोलताहेत आणि मध्येच एखादी बाई "म्हैस आटली हो" म्हणून रडायला लागली आहे, हे आमच्या संघात नेहमीचंच होतं. तक्रार गेली की काका शांतपणे सांगायचे, "लाइनच तशी हाय."

आणि टेबलाचा खण. तो एक वेगळाच प्रकार होता. फुटके रिसीव्हर, मेलेले सेल, सुतळीचे तुकडे, नसलेल्या कुलपांच्या किल्ल्या. मी एकदा म्हणालो, "काका, फेकून द्या ना हे." ते खणावर पालथे पडले. "कावून फेकायचं? तुला काय म्हाईत कवा काय लागतंय ते?" लाइनी कापणारा हा माणूस वस्तूच्या बाबतीत सुतळीसुद्धा सोडायचा नाही.

अशा माणसाला मी माझं सॉफ्टवेअर शिकवायला बसलो.

संगणकावर पडदा वाचून दाखवणारा एक प्रोग्राम बसवला होता. त्यातली बाई मराठी बोलायची, पण कुणीतरी नाक दाबून धरल्यासारखी. काका तिला 'बाई' म्हणायचे आणि तिच्याशी भांडायचे. "बाई बोलायली, गप बस," असं मला दटावायचे आणि मग तिलाच म्हणायचे, "हां, आता बोल." पाहुणे आले की ते बाईचा वेग इतका वाढवायचे की नुसता पत्र्यावर गारा पडल्याचा आवाज यायचा. पाहुणे थक्क व्हायचे. काकांनाही त्यातलं निम्मं कळत नसे, हे मला पुढं कळलं.

एक दिवस चेअरमनसाहेब आमची निरोप लाइन पाहायला आले. त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छांचं भाषण स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं होतं, ते लांबलचक होतं. कुणीही फोन केला की आधी ते ऐकावं लागे, मग टँकर. काका मोठ्या ऐटीत बसले, बाईचा वेग वाढवला, बोटं नाचवली, आणि अर्ध्या मिनिटात सगळ्या गावांची माहिती आणि साहेबांचं भाषण, दोन्ही साफ झालं.

"माझं भाषण?" साहेबांनी विचारलं.

"गेलं, साहेब," काका म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं. ते अपघातानं गेलं की काय, यावर संघात आजही दोन मतं आहेत.

साहेब गेल्यावर मी काकांवर उखडलो. "काका, एवढा मोठा इशारा दिला होता मी! पुसायच्या आधी अख्खा चौकोन लालभडक होतो!"

 काकांनी गॉगल काढला आणि फार जिज्ञासेनं विचारलं, "लाल म्हंजी कसं असतंय बे? हाताला गरम लागतंय का?"

आंधळ्या माणसासाठी लाल रंगात इशारा देणारा जगातला मी एकटाच इंजिनिअर असेन. चौकोनात अक्षरंच नव्हती, त्यामुळे बाई बिचारी नुसतं 'बटण, बटण' म्हणत होती. काकांनी पहिलं बटण दाबलं. तेच 'होय'चं होतं. मी ते पुढं ठेवलं होतं, कारण ते दिसायला बरं दिसत होतं.

"तुला न्हाई जमायचं," काका म्हणाले. "मानसाला आवाज लागतो. आवाज म्या देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीचं दार लावून इशारा भरला. आता लाइनीवर कुणी निरोप पुसायचं बटण दाबलं की काका ओरडायचे, "एऽऽ थांब! हात काढ!" स्वतः काका त्यावर बेहद्द खूश होते. आठवड्याच्या आत छावणीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तो आवाज ऐकून हातातला फोन जनावरांच्या हौदात टाकला. छावणीत तो एकच फोन होता, संघाला दुसरा घेऊन द्यावा लागला. बाबा तक्रार करायला थेट संघात आले. "आमी बापजाद्यापासून संघाला दूध घालतो, अन मशीन मला हात काढ म्हणतंय? काय चोरी केली का म्या?" त्यांची समजूत घालता घालता काका घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "बाबा, लाइनच तशी हाय."

तोवर या लाइनीचं रूप पालटलं होतं, आणि ते काकांनी माझ्या नकळत पालटलं होतं. उसाच्या फडावरून एखाद्यानं संघात फोन करून म्हणावं, 'आमच्या म्हातारीला सांगा, पोचलो.' काका म्हणायचे, "म्या कशाला सांगू? तूच सांग, बोल." आणि ते बोलणं भरून ठेवायचे. तोडीवरची माणसं पहाटे फडात शिरायची ती अंधार पडल्यावर बाहेर यायची, रेंज मिळेल तेव्हा बोलायची. छावणीतली म्हातारी मग आपल्या वेळेला फोन लावून ऐकायची. प्रत्येकीला एक नंबर. तो कुठला, तर गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा. छावणीत दाखल करताना तो मिळायचाच, आणि गाईचा नंबर कुणी विसरत नाही. हे काकांचं डोकं. माझ्या पंधरा पानांत यातलं काहीच नव्हतं.

आलेला प्रत्येक निरोप काका आधी स्वतः ऐकायचे. योग्य नंबरावर गेला का बघायला, असं त्यांचं म्हणणं. चहाच्या वेळेला संघात कुणाचं कुणाशी बिनसलं आणि फडावर कुणाची पाचटाची कोपी वाऱ्यानं उडाली याची बित्तंबातमी असायची, त्यावरून खरं कारण ज्याचं त्यानं ओळखावं.

त्यातलाच एक निरोप चंद्रभागाबाईंचा. त्या शिरूरकडच्या. एक गाय घेऊन छावणीत राहिलेल्या. मुलगा आणि सून तोडीवर. सून दिवस भरत आलेले असताना गेली होती, आणि त्याचा या बाईंना घोर लागलेला. एका सकाळी काका खोलीतून ओरडतच बाहेर आले, "पोरगी झाली! आपल्या चंद्रभागाबाईच्या सुनंला पोरगी झाली!" सगळ्यांना बोलावून त्यांनी निरोप ऐकवला. सून दमलेल्या आवाजात म्हणत होती, "आत्याबाई, म्या राधा. पोरगी झाली, फडातच. म्या बरी हाय. कपाळ तुमच्यावाणी हाय तिचं. गाय खाती का? काळजी करू नगा. ह्ये ऐका." आणि मग बाळाचं रडणं. आमचे हिशेबनीससुद्धा डोळे पुसत होते. काकांनी सगळ्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला. असं ते करत नसत.

पुढं त्यांच्या ऊसतोड टोळीला लांबच्या फडावर नेलं, तिथं रेंज नव्हती. सुनेचा दुसरा निरोप आला नाही. चंद्रभागाबाई रोज दुपारी गाईला पाणी पाजलं की फोनपाशी येऊन तेवढाच निरोप ऐकायच्या. मला एकदा फोनवर म्हणाल्या, "रडतंय म्हंजी जितं हाय, लेकरा. तेवढं ऐकलं की जेवन जातं."

आता माझी पाळी. संघाचा संगणक जुना होता, त्यात जागा थोडी. आवाज भराभर जागा खातात. मी ठरवलं, जो निरोप ऐकून झालाय तो काढायचा का, हे मशीननंच विचारावं. पण चुकून काही जाऊ नये म्हणून एकदा नाही, तीनदा विचारावं. पहिल्यांदा माणूस घाईत काहीही दाबतो, दुसऱ्यांदा गोंधळतो, तिसऱ्यांदा मात्र विचार करून सांगतो. म्हणून तिसरं उत्तर खरं मानायचं. यावर मी भिंतीवर चित्रं टाकून चेअरमनसाहेबांसमोर भाषण दिलं. इशाऱ्यासाठी पुण्याहून एका गोड आवाजाच्या बाईंकडून बोलणं भरून आणलं. 'हा निरोप काढून टाकू का? हो असेल तर एक, नको असेल तर दोन.' इतकं अदबशीर मशीन अख्ख्या मराठवाड्यात नव्हतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. काका तेवढे म्हणाले, "लई गोड बोलायली ही बाई. काम बिघडंल." मला वाटलं, स्वतःचा आवाज काढून टाकल्याचा राग आहे. तो होताच.

थोड्याच दिवसांनी एका दुपारी पेटी वाजली. "बोला, लाइनीवर लिंबाजी." मग काकांनी मला हाक मारली. मी वळून पाहिलं. त्यांनी माझ्या दिशेनं रिसीव्हर धरला होता. मी कानाला लावला.

"लिंबाजीभाऊ," चंद्रभागाबाई विचारत होत्या, "लाइनीवरचं लेकरू रडंना झालंय. काय झालं असंल?"

 मी संगणकात शोधलं. निरोप नव्हता. माझ्याकडे बॅकअप होता, मी तेवढा काही अडाणी नव्हतो. आठवड्यातून एकदा सगळ्याची नक्कल व्हायची आणि जुन्या नकलेच्या जागी नवी बसायची. ती त्याच दुपारी झाली होती, म्हणजे नसलेल्या निरोपाची अत्यंत काळजीपूर्वक नक्कल माझ्याजवळ होती.

काकांनी कुठून कुठून टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला. बऱ्याच खटपटीनं तो सापडला. बाळ बरं होतं, आई बरी होती, फड लांब होता. "फोनवर सांगून टाकू," मी म्हणालो.

"फोनवर?" काका म्हणाले. "तिचं लेकरू आपुन हारवलं, अन फोनवर सांगतोस व्हय बे? चल."

तपकिरी गॉगल घालून ते निघाले. तो खरंच तपकिरी आहे का, हे आज त्यांनी कुणालाच विचारलं नाही. एसटीत माझ्या शेजारी बसून वाटभर खिशातल्या कंगव्याशी चाळा करत होते. मला त्यांच्या शिव्या चालल्या असत्या.

छावणीत चंद्रभागाबाई गाईच्या सावलीत बसल्या होत्या. काकांनी आधी बाळ बरं असल्याचं सांगितलं, मग निरोप गेल्याचं. मी खाली मान घालून उभा होतो. मी म्हणालो, "चूक मशीनची आहे, आजी."

"न्हाई रं बाबा," त्या घाईनं म्हणाल्या, जणू मशीनवर आळ येऊ नये. "मशीनची काय चूक न्हाई. लई चांगल्या घरची बाई हाय ती. पयल्यांदा इचारलं, काढून टाकू का? म्या नको म्हणले. मग परत इचारलं. म्या म्हणले नको बाई, राहू दे. तर तिसऱ्यांदा इचारलं! आता कुनी एवढं म्हणतंय, तर तिसऱ्यांदा नको कसं म्हणावं? म्हणले बरं, तुमी एवढं म्हणता तर."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्याकडे चहा विचारला की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा 'आत्ताच झाला' म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर यजमानाचा अपमान होतो. पोळीचं तसंच, लग्नात अहेराच्या लुगड्याचंही तसंच. मी पाटोद्यात जन्मलो, वाढलो. तिसऱ्या आग्रहाला मान तुकवून किती पोळ्या खाल्ल्या असतील याची गणती नाही. आणि पुण्याहून शिकून येऊन मी एक मशीन बनवलं, जे म्हाताऱ्यांना त्यांच्या नातवंडांचे आवाज पुसून टाकायचा आग्रह करत होतं.

काका खवळतील असं वाटलं होतं. ते खाली बसले. चंद्रभागाबाई जरा थांबून म्हणाल्या, "भाऊ, तुमी ऐकलं व्हतं ना? कसं व्हतं ते?"

काकांनी सुनेचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, दमलेला आवाज, मध्ये घेतलेला श्वास, 'गाय खाती का' सकट. आणि 'ह्ये ऐका' म्हणून थांबले.

"अन मग?" बाई म्हणाल्या.

"मग रडणं."

"ते कसं व्हतं?"

काका कडक इस्त्रीच्या सफारीत होते. भोवती चार-पाच म्हाताऱ्या, वैरण टाकणारे दोन गडी, आणि मी. त्यांनी कंगवा काढून भांग नीट केला. मग तोंड वर केलं आणि ते रडले. तान्ह्या बाळासारखे, आधी अडकत, मग एकदम मोकळा टाहो. बांधलेल्या गाईंनी माना वळवल्या. एक तर हंबरली. मला हसू आलं आणि मी गाईंकडे तोंड फिरवलं.

चंद्रभागाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "असंच व्हतं. जरा बारीक व्हतं."

काका म्हणाले, "थांबा." आणि पुन्हा रडले, जरा बारीक.

"हां," त्या म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावला. आणि मग म्हणाल्या, "भाऊ, एवढं लाइनीवर टाका."

दुसऱ्या दिवशी काकांनी खोलीचं दार लावून घेतलं. दार पातळ होतं. संघातला एकूण एक माणूस बाहेर उभा राहून ऐकत होता, आणि काका बाहेर आले तेव्हा सगळे फायली चाळायला लागले. महिनाभर टँकरचे ड्रायव्हर त्यांना पाहिलं की बाळासारखे ट्यांहां करायचे. आवाजाच्या बाबतीत इतका अभिमानी माणूस, त्याला ते फार झोंबायचं. पण तोडीचा हंगाम संपेपर्यंत त्यांनी तो निरोप हलू दिला नाही.

माळा त्यानंतर झाला. विचारायचंच नाही, टाकलं की ठेवून द्यायचं. घरात नको झालेली वस्तू जशी आपण माळ्यावर सारतो आणि सणाला परत उतरवतो, तसं. हे त्या दिवशी छावणीहून परतताना एसटीतच सुचलं होतं. कुणाला, ते नक्की नाही. काका जन्मभर सांगत राहिले की त्यांना. मी नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत सांगितलं की मला. जागा कमी पडत होती म्हणून काकांनी चेअरमनच्या मागे लागून नवी डिस्क घ्यायला लावली, आणि एक नियमही करून घेतला. माळ्यावरचं कायमचं पुसायचा हक्क फक्त ज्याचा नंबर त्याला. इंजिनिअरला नाही, चेअरमनला नाही. "अन मला बी न्हाई," काका ठासून म्हणाले. "माझा हात पडतो."

हंगाम संपल्यावर राधा पोरीला घेऊन घरी आली. चंद्रभागाबाईंचा फोन आला, "आता खरं आलंय, भाऊ. ते रडणं ठेवा माळ्यावर." म्हणून ते तिथं गेलं, आणि मग काकांचं दुसरं दुखणं सुरू झालं. ते माझ्याकडे येऊन हळूच म्हणायचे, "इंजनेर, ते एवढं काढ की." मी म्हणायचो, "नियम तुमचाच आहे." ते पाय आपटत निघून जायचे.

पुढं पाऊस झाला. छावणी उठली. मी पुण्याला नोकरी धरली, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माळे बांधायला लागलो. फोन स्वस्त झाले, लाइनीची गरज संपली, आणि एक दिवस संघच मोडीत निघाला. निरोप ज्याचे त्याला परत द्यावेत म्हणून मी दोन दिवसांची रजा काढून गेलो. लोक आपापले फोन घेऊन येत होते, मी त्यांत आवाज भरून देत होतो. चंद्रभागाबाईंच्या मुलानंही फोन पाठवला होता. सोबत बाईंचा निरोप, 'लेकरू रडतंय ते बी द्या. पोरीला ऐकवायचंय.'

काका खोलीत रिकाम्या टेबलाशी बसले होते. पेटी काढून नेली होती. खण मात्र त्यांनी पिशवीत भरून घेतला होता, सुतळीसकट. "या पाटील," ते म्हणाले.

"मी आहे, काका."

"म्हाईत हाय." ते थोडे थांबले. "इंजनेर, ते तेवढं देऊ नको. पोरगी शाळंत जाती आता. मोठी होऊन म्हणंल, ह्यो कोन म्हातारा रडायलाय."

"राहू द्या ना त्यांच्याकडे, काका."

"नको."

"तिची आजी मागतेय. राहू द्या."

"नको म्हणलं ना बे. लाज वाटती मला."

बाहेर त्यांची एसटी यायची वेळ झाली होती. त्यांनी कंगवा काढला, भांग नीट केला, पिशवी खांद्याला लावली. मी त्यांचा हात धरून त्यांना पायरीपर्यंत आणलं.

"काका," मी म्हणालो, "राहू द्या."

ते थांबले. गॉगल माझ्याकडे वळवला. तो काळाच होता. मान तिरपी केली.

"बरं," ते म्हणाले, "तू एवढं म्हणतोस तर."